लिफ्ट केलेला पिकअप: स्टिअरिंग स्टेबिलायझर आणि पॉवर स्टिअरिंग, वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेतल्या कोलोराडोत मी घेतलेला वापरलेला डिझेल पिकअप पाऊण टन वर्गातला आहे. पुढे सलग अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, आणि आधीच्या मालकाने चार इंचांची लिफ्ट (गाडी उंच करणारे किट), ३५ इंची टायर आणि गॅस भरलेला एकेरी स्टिअरिंग स्टेबिलायझर, म्हणजे स्टिअरिंगला बसणारे झटके शोषणारा डॅम्पर, बसवलेला होता. एक संपूर्ण हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा ही गाडी ट्रेलरसह आणि ट्रेलरशिवाय चालवल्यानंतर हा अनुभव लिहितो आहे. स्टेबिलायझर घेण्याच्या विचारात असलेल्यांसाठी माझे मत आधीच सांगतो: वस्तू उपयोगी आहे, परंतु दोष शोधायचा असेल तेव्हा ती सर्वप्रथम काढून ठेवावी.

गाडीत तीन तक्रारी होत्या. पुलावरच्या सांध्यावरून ताशी ५५ मैलांच्या सुमारास गेल्यास पुढची चाके अधूनमधून अशी थरथरत, की वेग हळूहळू कमी केल्याशिवाय ती थांबत नसत. इकडे याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. सपाट रस्त्यावर गाडी उजवीकडे ओढ घेई. शिवाय पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड लागे आणि पंपातून घरघर ऐकू येई. तिन्ही तक्रारी स्टिअरिंगच्याच असल्याने एकच कारण असावे असे वाटते, आणि दुकानदारही अशा वेळी दुहेरी स्टेबिलायझर सुचवतात. प्रत्यक्षात तिन्हींची कारणे वेगवेगळी निघाली.

ओढीचे कारण सर्वात लवकर सापडले. गॅस भरलेल्या डॅम्परचा दांडा सतत बाहेर ढकलला जात असतो, त्यामुळे एकेरी बसवल्यास तो स्टिअरिंगला एका बाजूस रेटतो. त्याचे एक टोक सोडून, ते कशाला अडकणार नाही असे बांधून, मोकळ्या मैदानात सावकाश गाडी चालवली आणि ओढ नाहीशी झाली. ती तशीच राहिली असती, तर टायरमधली हवा, ब्रेक आणि अलाइनमेंट या क्रमाने पाहावे लागले असते.

थरथरीला मात्र वेळ द्यावा लागला. यासाठी सर्वात उपयुक्त तपासणी बिनखर्चाची आहे. गाडीचे वजन चाकांवर असू द्यावे, हँडब्रेक ओढावा, चाकांना अडण्या लावाव्यात आणि इंजिन चालू ठेवून दुसऱ्या माणसाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे. आपण खाली प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहावे. स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारे दांडे, म्हणजे टाय रॉडची टोके, ड्रॅग लिंक आणि पिटमन आर्म, तसेच स्टिअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट घट्ट होते. पण ट्रॅक बारच्या (अॅक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) चेसिसकडच्या टोकाला बोल्ट जागेवर राहून बारच सरकत होता. हालचाल एखाद्या नाण्याच्या जाडीपेक्षा जास्त नसेल, तरी बोल्टभोवतीचा रंग घासून धातूची चकचकीत कडी उघडी पडली होती, आणि ब्रॅकेटचे भोक लांबट झाले होते. एवढा प्ले (ढिलेपणा) अॅक्सलला आडवे हलू देण्यास पुरेसा होतो. जॅकवर चाक उचलून हलवले असता हा दोष दिसला नव्हता, कारण तेव्हा सांध्यावर भारच नव्हता.

नवे ब्रॅकेट आणि सांध्यातले रबरी बुश बसवले, व बोल्ट गाडी जमिनीवर असताना मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळले. गाडी वर लटकत असताना आवळल्यास बुशला कायमचा पीळ राहतो. त्यानंतर अलाइनमेंटवर पाहिले, तर लिफ्टमुळे कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) दोन अंशांच्याही खाली आला होता. रेडियस आर्म (अॅक्सलला चेसिसशी जोडणारे लांब दांडे) खाली घेणारे ब्रॅकेट लावून तो चारच्या आसपास आणला आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येऊ लागले. लिफ्ट किटमध्ये हे ब्रॅकेट मुळातच असायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर आहेत ना, हेही पाहावे. नसल्यास प्रत्येक खड्ड्यावर स्टिअरिंग स्वतःहून वळते.

घरघरीचे कारण पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचे झाकण उघडताच दिसले. तेल फिकट गुलाबी आणि फेसाळ होते, म्हणजे त्यात हवा शिरत होती. खाली मात्र एक थेंबही नव्हता. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतून पंप तेल शोषत असतो, त्यामुळे तिचा क्लॅम्प सैल झाल्यास तेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत खेचली जाते. नळी आणि क्लॅम्प बदलले, पुढची चाके स्टँडवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत बुडबुडे थांबेपर्यंत तेल भरले. या गाडीत ब्रेकचा हायड्रोबूस्ट (ब्रेकला तेलाच्या दाबाने जोर देणारी यंत्रणा) त्याच पंपावर चालतो. डिझेल पिकअपमध्ये अशी रचना बरीच आढळते. त्यामुळे ब्रेक दाबून उभ्या जागी वळवताना स्टिअरिंग जड झाले, तर केवळ स्टिअरिंग बॉक्सला दोष देऊ नये. बॉक्सवरचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले घालवण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. तो जास्त आवळला की स्टिअरिंग मधोमध अडकते.

हे सर्व झाल्यावर काही काळ गाडी स्टेबिलायझरशिवाय चालवली आणि थरथर परतली नाही. मगच गॅस नसलेला साधा हायड्रॉलिक स्टेबिलायझर लावला. केनोशा पास या कोलोराडोतल्या घाटापलीकडच्या नालीदार कच्च्या रस्त्यांवर हाताला बसणारे झटके त्याने निश्चित कमी झाले. हमरस्त्यावर फारसा फरक नाही. भारतात मारुतीच्या जिम्नीला असा डॅम्पर कारखान्यातूनच येतो, हे तिथल्या वाचकांनी पाहिले असेल. तिचे पॉवर स्टिअरिंग विजेवर चालत असल्याने तेलाविषयीचा वरचा भाग मात्र तिला लागू नाही.

सध्या स्टेबिलायझरच्या सीलपाशी धूळ चिकटण्याइतका ओलावा आहे, पण दांडा दोन्ही दिशांना सारख्याच जोराने सरकतो, त्यामुळे तो बदललेला नाही. ट्रॅक बारच्या बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आहे आणि तेल बदलताना ती पाहतो. आजवर ती सरकलेली नाही.