मॅकलारेन एमपी४/४ चा १:२० किट: माल उत्तम, पण खोक्यात एक चिठ्ठी हवी होती

१९८८ च्या मॅकलारेन एमपी४/४ या फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीचा हा जपानी किट, म्हणजे सुटे भाग चिकटवून बनवायचं, खऱ्या गाडीच्या विसाव्या भागाएवढं प्लास्टिकचं मॉडेल. पुण्याच्या एका दुकानातून कुरिअरनं जालन्याला मागवला, साडेचार हजारांच्या आसपास पडला. तेवढ्या पैशात काय मिळतं ते आधी सांगतो. जे मिळत नाही त्याबद्दल मला जास्त बोलायचंय.

माझं जालन्यात रेडियमचं दुकान आहे. ट्रकच्या मागची नावं, नंबर प्लेटा, बुलेटच्या टाक्या, आणि दसऱ्याच्या आसपास ऊसतोडीला निघणारे ट्रॅक्टर, ही आमची कामं. त्यामुळं खोका उघडल्यावर माझा हात आधी स्टिकरच्या कागदाकडं गेला. होंडा, शेल, गुडइयर, बॉस, आणि या गाडीच्या दोन चालकांचे आकडे: ॲलन प्रोस्टचा ११, आयर्टन सेनाचा १२. छपाई बघून मन भरलं. रंगावर रंग तंतोतंत बसलेला, कुठं कड सरकलेली नाही, फिल्म इतकी पातळ की लावल्यावर नखाला जाणवत नाही. आपल्याकडच्या मशीनवर हे काम निघत नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

प्लास्टिकचे भागही स्वच्छ ओतलेले आहेत. इंजिनवरचं झाकण निघतं, खाली दीड लिटरचं टर्बो व्ही-६ होंडा इंजिन दिसतं. गाडी तयार झाली की वीतभर लांब आणि अगदी जमिनीलगत बसते. खरी गाडी तशीच होती, चालक जवळजवळ आडवा झोपून चालवायचा. त्या वर्षी १६ पैकी १५ शर्यती या गाडीनं मारल्या, सेनानं ८ आणि प्रोस्टनं ७. राहिलेली एक, मोंझाची, फेरारीच्या बर्गरकडं गेली. पुढच्या चाकांचे दांडे फार नाजूक आहेत, कटरनं घाईत कापले तर तुटणारच. मागचा पंख सगळ्यात शेवटी चिकटवा.

आपल्या भागातल्या लोकांसाठी पाण्याचं मुद्दाम सांगतो. ही स्टिकरं पाण्यात भिजवून सरकवायची असतात. बोअरचं पाणी वापरू नका. आपलं पाणी जड, वाळल्यावर फिल्मखाली क्षाराचा पांढरा डाग राहतो आणि तो नंतर निघत नाही. जारचं पाणी घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी रंग मारू नका. एवढ्या उन्हात फवारलेला रंग पृष्ठभागावर पोचायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत बसतो. सकाळी सातच्या आत काम उरका.

आता लाल रंगाचं. मॅकलारेनचा लाल हा साधा लाल नव्हे, तो फ्लोरोसंट आहे, नारिंगीकडं झुकणारा. आधी पांढरं अस्तर मारावं लागतं, नाहीतर उठत नाही. हा लाल असा का निवडला होता, तर त्या काळच्या टीव्हीच्या पडद्यावर तो संघाला पैसा देणाऱ्या मार्लबोरो सिगारेटच्या पाकिटाच्या लालसारखा दिसावा म्हणून. समोर उभं राहून बघणाऱ्यासाठी तो रंग ठरवलेलाच नव्हता. माझ्या हातून इतकी वर्षं फ्लोरोसंट व्हिनाइल गेलं, पण रंग कॅमेऱ्यासाठी निवडायचा हा विचार मी याच गाडीवर पाहिला. ज्यानं हे ठरवलं त्याला आपलं काम फार चांगलं येत होतं, आणि तेच मला टोचतं.

तर जे मिळत नाही ते म्हणजे मार्लबोरो हे नाव. मागच्या पंखावर पांढरी जागा मोकळी, अंगावरची जागा मोकळी. कागदावर त्याचं स्टिकरच नाही. सूचनापत्रात चित्र आहे, तिथंही जागा कोरी. का कोरी, हे कुठंही लिहिलेलं नाही. नवीन मुलगा घेईल तर त्याला वाटेल छपाईत राहून गेलं.

मॉडेल बनवणाऱ्यांमध्ये यावरून मोठा वाद आहे. एक गट म्हणतो, इतिहास पुसू नका, गाडी जशी होती तशी द्या. ते बाहेरून वेगळी स्टिकरं मागवून लावतात. दुसरा गट म्हणतो, खेळण्याच्या दुकानात सिगारेटचं नाव कशाला? मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण नुसतं नाव काढून काम झालं असं मला वाटत नाही.

गाडी दुकानात काउंटरवर वाळत ठेवली होती. एकही अक्षर लावलेलं नव्हतं, फक्त लाल आणि पांढरा, आणि दोघांमधली ती तिरकी टोकदार रेघ. नंबर प्लेट घ्यायला एक चाचा आले. आखाती देशात बरीच वर्षं ड्रायव्हर होते. शर्यतीशी त्यांचा काही संबंध नाही. गाडीकडं बघून म्हणाले, "मार्लबोरोची गाडी का ही?"

मी त्यांना म्हणलं, चाचा, यावर नाव कुठंय? ते म्हणाले, "नाव कशाला पायजे, पाकीटच हाय की."

कंपन्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. ब्रिटनमध्ये १९६५ ला टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. त्यानंतर तीनच वर्षांत, १९६८ च्या मे महिन्यात, कॉलिन चॅपमनच्या लोटस संघाची गाडी स्पॅनिश ग्रां प्रीत गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल, पांढऱ्या, सोनेरी रंगात उतरली. तोवर लोटस हिरवी असायची, इंग्लंडचा तो रंग. तेल आणि टायर कंपन्या हात आखडता घेत होत्या, चॅपमनला पैसा हवा होता, आणि तंबाखूवाल्यांना टीव्हीवर परत यायची वाट हवी होती. तिचा चालक ग्रॅहम हिलनं ती शर्यत जिंकली आणि त्या वर्षीचं जगज्जेतेपदही. जाहिरातीचे स्लॉट बंद झाले, बातम्या आणि शर्यती चालूच होत्या, म्हणून गाडीलाच पाकीट केलं. पुढं काळी-सोनेरी जॉन प्लेयर लोटस, पिवळी कॅमल, निळी-पांढरी रॉथमन्स विल्यम्स. ज्या देशात नावाला मनाई तिथं नाव बदलायचं आणि घडण तीच ठेवायची. पुढं वेस्ट सिगारेटच्या काळात मॅकलारेननं तिच्याच अक्षरवळणात मिका आणि डेव्हिड अशी चालकांची नावं लिहिली. जॉर्डननं बेन्सन अँड हेजेसच्या जागी बिटन अँड हिसेस लिहून पिवळ्या गाडीच्या नाकावर साप काढला. अक्षरं कापून पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो, वळण आणि रंग तोच असला तर डोळा अक्षरं वाचतच नाही. ट्रकच्या मागं मी एखादं नाव ठरलेल्या वळणात लिहितो तेव्हा शंभर फुटांवरून ते ओळखू येतं ते याच कारणानं.

युरोपात ३१ जुलै २००५ पासून अशा प्रायोजकत्वावर बंदी आली. तरी फेरारीच्या अंगावर लाल, पांढऱ्या, काळ्या उभ्या रेघांचा बारकोड राहिला. वेगात त्या रेघा एकमेकींत मिसळायच्या आणि पाकिटासारखं काहीतरी डोळ्यांसमोरून जायचं, असा आक्षेप डॉक्टरांनी घेतला. फेरारीनं तो मान्य केला नाही, पण मे २०१० मध्ये स्पेनच्या शर्यतीत बारकोड काढला. २०१८ ला त्याच गाडीवर मिशन विनो आलं, पैसा मार्लबोरोवाल्या फिलिप मॉरिसचाच. २०१९ ला मॅकलारेनवर ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोचं 'अ बेटर टुमॉरो', मग निकोटिनच्या पुड्यांची वेलो. नाव दर वेळी नवीन, मालक तेच.

हे दूरचं वाटत असेल तर जालना बसस्टँडपासून मोंढ्यापर्यंत चालत जा. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. २००३ च्या कोटपा कायद्याच्या पाचव्या कलमानं तंबाखूची जाहिरात बंद आहे. आणि टपऱ्यांवर इलायची नि पान मसाल्याचे बोर्ड बघा. त्याच नावाचे, त्याच रंगाचे, त्याच वळणाचे. असले बोर्ड मला करायला सांगितले गेले, पैसे रोख, लांबी-रुंदी मोठी. मी करत नाही. माझ्या थोरल्या मामांच्या गालाचं ऑपरेशन झालं. त्याआधी कित्येक महिने त्यांच्या तोंडात दोन बोटंसुद्धा जात नव्हती, भाकरी दुधात कुस्करून खायचे. संभाजीनगरच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये त्यांच्यासोबत बसलेलो असताना आजूबाजूला बीड, परभणी, हिंगोलीकडची माणसं होती आणि त्यात माझ्याहून लहान पोरं होती. त्या पोरांनी कधी मार्लबोरो पाहिली नसेल. पण पुडीचा रंग त्यांना लांबून ओळखता येत होता, हे मी पैजेवर सांगतो.

तंबाखूचा पैसा नसता तर हा खेळ बुडाला असता, असं जुने शौकीन सांगतात. त्या पैशानं संघ मोठे झाले हे खरं आहे, मी नाकारत नाही. सेना-प्रोस्टची ही गाडीसुद्धा त्याच पैशावर उभी होती आणि मला ती अतिशय आवडते, म्हणून तर एवढे पैसे घातले. पण बंदी आली तेव्हा शर्यती थांबल्या नाहीत. विल्यम्स, मॅकलारेन, फेरारी आजही धावतात. आपल्या क्रिकेटचंच बघा. १९९६ चा विश्वचषक विल्स सिगारेटच्या नावानं विल्स वर्ल्ड कप होता, नव्वदच्या दशकात आपल्या खेळाडूंच्या छातीवर तेच नाव होतं, आणि २००१ ला विल्सवाल्या आयटीसी कंपनीनं ते प्रायोजकत्व सोडलं. त्यानंतर क्रिकेटला पैसा कमी पडला असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का?

इतिहास पुसू नका म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मला पटतं. कोरी जागा ठेवून गप्प बसणं हा इतिहास नव्हे. संग्रहालयात खरी गाडी नावासकट उभी असावी आणि शेजारी फलक असावा की हे पैसे कुणी दिले आणि कशासाठी दिले. खेळण्याच्या खोक्यात नाव नको, पण त्या जागी एक चिठ्ठी टाकायला काय हरकत होती? या पांढऱ्या जागेवर सिगारेटचं नाव होतं, हा लाल रंग त्या पाकिटाचा आहे, आम्ही नाव छापत नाही कारण अमुक. चार ओळी पुरे. माझा भाचा नववीत आहे, त्यानं विचारलं की मामा, इथं काय होतं, तर मी सांगितलं. सगळ्या पोरांच्या घरात सांगणारा असतोच असं नाही.

तर घ्यावा का? हात बसलेला असेल तर जरूर घ्या, मालात खोट नाही. पहिलाच किट असेल तर आधी एखादी स्वस्त मोटारसायकल बनवून बघा. फ्लोरोसंट लाल उन्हात लवकर उडतो, खिडकीत ठेवू नका, काचेच्या कपाटात सावलीत ठेवा. चिठ्ठी नाही म्हणून पाचातला एक तारा मी कापला, बाकी चार पूर्ण मनानं देतो. आणि वाचून कुणी जालन्याला येणार असेल तर, ११ किंवा १२ चा आकडा फाटला, बॉसचं अक्षर सरकलं, तर या, पातळ फिल्मवर जमेल तेवढं चांगलं करून देईन, पैसे नकोत. पंखावरचं ते नाव मागायला आधीही काही जण आले होते. ते मी कापून देत नाही.