नवं रो-हाउस, बेळगावचा एक पावसाळा: कुठे ओल आली आणि का

खानापूर रोडच्या बाजूचं सिमेंट ब्लॉकचं रो-हाउस. ताबा उन्हाळ्यात, मग पूर्ण पावसाळा. आराखडा, उजेड, सुतारकाम उत्तम. त्रास झाला तो सगळा पाण्याचा, आणि बहुतेक काही मिलिमीटरच्या हयगयीमुळे.

सर्वांत जास्त ओल पश्चिमेच्या खिडक्यांखाली. इथला पाऊस वाऱ्याबरोबर तिरपा येतो आणि याच भिंतीवर बसतो. खिडकीखालच्या ग्रॅनाइटला बाहेर उतार नव्हता, दगड भिंतीच्या पुढे आलेला नव्हता, तळाला खाच नव्हती. त्यामुळे पाणी दगडाच्या पोटाखालून मागे वळतं आणि ब्लॉकच्या सांध्यात शिरतं. नुसतं सिलिकॉन ओढून हे थांबत नाही. दगड उचलून बाहेर १० मिमी उतार, भिंतीपुढे २५ ते ३० मिमी आणि तळाला खाच, असंच बसवून घ्यावं लागतं. छज्ज्यालाही अशीच खाच हवी. गिलावा ओला असताना पट्टी दाबली की निघते, वेगळा खर्च नाही. तरीही ती राहते, याचा खरंच राग येतो.

वरच्या बाथरूमखाली छताला डाग. बाथरूम बंद ठेवूनही ठिबक चालू असेल तर पाण्याची लाइन तपासा. वापरानंतरच वाढत असेल तर फरशी किंवा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी वाहून नेणारं जाळीखालचं भांडं). ट्रॅपला बोळा घालून २५ मिमी पाणी भरा, पातळीची खूण करा, ४८ तास खाली लक्ष ठेवा. दोष बहुधा ट्रॅप आणि स्लॅबच्या सांध्यात सापडतो. वॉटरप्रूफिंग भिंतीवर ३०० मिमी चढलं पाहिजे आणि ट्रॅपच्या तोंडात उतरलं पाहिजे. टाइल्सच्या सांध्यातलं ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे.

कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर सरळ उभी, केसाएवढी चीर बहुधा गिलाव्याखाली जाळी न लावल्याची. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी जाळी घेऊन गिलावा दुरुस्त होतो. तिरपी चीर रुंद होत असेल तर टोकांना तारीख लिहा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांत दाखवलेला बांधकामाचा दोष बिल्डरनं ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. तारखेच्या फोटोंसह लेखी कळवा. ‘पुट्टी मारून रंग देतो’ म्हणाले तर आधी पाण्याची वाट बंद करून घ्या आणि भिंत पूर्ण वाळू द्या. ओल्या भिंतीवरची पुट्टी पापुद्र्यांनी सुटते.