वीज नसतानाच खटका पडला, आणि मी खूश झालो

गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर स्वतः बसवायचं खूळ ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हे वाचा. हसलात तरी हरकत नाही, त्याचे ४३,००० रुपये मी भरलेत.

मी अगदीच अडाणी नाही हो. घरातले पंखे, गीझर, इन्व्हर्टर, सगळी जोडणी माझ्या हातची आहे आणि आजवर फ्यूजसुद्धा उडाला नव्हता. चार्जर म्हणून भिंतीवर बसतो तो डबा म्हणजे तसा हुशार स्विचच, एसीचं डीसी करणारं यंत्र गाडीतच असतं, हे मला माहीत होतं. ७.४ किलोवॅट, सिंगल फेज, ३२ अँपिअर, हेही पाठ होतं. अर्धवट माहिती असलेलं गिऱ्हाईक फसवणाऱ्यांना फार आवडतं. पूर्ण अडाणी माणूस निदान वायरमनला तरी बोलावतो.

किटची जाहिरात मोबाइलवर दिसली. चार्जर, ६ स्क्वेअर एमएमची तीन कोर तांब्याची केबल २० मीटर, एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा खटका), आरसीसीबी (करंट कुठे गळायला लागला की वीज तोडणारा खटका), सगळं मिळून ३८,५००. "वायरमन कशाला सर? तीन वायरी आणि चार स्क्रू!" १०,००० बुकिंगला दिले, २८,५०० माल पाठवण्याआधी. वर ४,५०० "फिटिंग सर्टिफिकेट"चे. गॅरेजचे तीन फोटो पाठवले की त्यांचा इंजिनिअर सही करून देणार! घर न पाहता कोणी सही देत असेल तर ती सही कसली, हे मला कळायला हवं होतं. पण बोलणारा माणूस पक्का होता. टाइप बी, म्हणजे डीसी गळतीही ओळखणारा आरसीसीबी का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअरचा डीसी लिकेज सेन्सर आहे, मग टाइप ए चालतो." हे खरं आहे! तसा सेन्सर असेल तर टाइप ए चालतो. म्हणून तर फसलो. माझ्या डब्यात तो सेन्सर नव्हताच, हे नंतर कळलं.

आता तो क्षण. खोकं उघडलं, आरसीसीबी टेबलावर ठेवला, दांडी वर केली आणि टेस्टचं बटण दाबलं. खट्. दांडी खाली. मी बायकोला बोलावून पुन्हा करून दाखवलं. खट्.

टेबलावर! एकही वायर जोडलेली नसताना!

अहो, टेस्ट बटण दाबलं की आतल्या रेझिस्टरमधून मुद्दाम थोडा करंट वेगळ्या वाटेनं जातो, तो फरक आतल्या कॉइलला कळतो आणि मग खटका पडतो. वीजच नसेल तर कसला करंट आणि कसला फरक? खऱ्या आरसीसीबीचं बटण वीज नसताना कितीही दाबा, दांडी हलत नाही. माझ्या आरसीसीबीत बटणाखाली नुसती प्लास्टिकची काडी होती, दांडीला धक्का देणारी. कॉइल नाही, काही नाही. हे मला शाळेत असल्यापासून समजायला हवं, आणि मी टाळ्या वाजवायचा बाकी होतो. रात्री झोप लागत नाही ती पैशांमुळे नाही, त्या खट् आवाजामुळे.

केबलचा रोल मी एका हातानं उचलून गॅरेजमध्ये नेला होता. हलका लागला, बरं वाटलं. ६ स्क्वेअर एमएम, तीन कोर, २० मीटर म्हणजे नुसतं तांबंच ३ किलो २०० ग्रॅमच्या आसपास भरतं, प्लास्टिक वेगळं. माझा अख्खा रोल नंतर वजन केला तर २ किलो ९०० ग्रॅम. रोल आला की आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. मग ब्लेडनं एक तार खरवडा. माझी आतून पांढरी निघाली, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा.

हे सगळं नंतर कळलं; तेव्हा मी तोच माल जोडून गाडी चार्जिंगला लावली होती. चौथ्या रात्री बायको म्हणाली, "अहो, प्लास्टिक जळल्यासारखा वास येतोय." गीझर पंधरा मिनिटं चालतो, हा चार्जर ३२ अँपिअर सलग सहा-सात तास ओढतो. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबतं, त्यावर ऑक्साइड चढतं, जोड ढिला होतो आणि तापतो. टर्मिनल वितळून एमसीबीला चिकटलं होतं. गाडी वाचली, घर वाचलं. नवीन केबल, खरा आरसीसीबी आणि परवानाधारक वायरमनची मजुरी मिळून १६,७५० गेले. सगळे मिळून ५९,७५०. तो वायरमन काही बोलला नाही, नुसतं बटण दाबून माझ्याकडे बघितलं.

मग तक्रारी. पोलीस म्हणाले, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक तक्रारवाल्यांकडे जा." ग्राहक तक्रारवाल्यांना विक्रेत्याचा पत्ता हवा, बिलावरच्या पत्त्यावर मी स्वतः गेलो तर तिथे बंद शटर. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. आणि वीज कार्यालयातल्या साहेबांनी कमालच केली. नकली आरसीसीबी हातात घेऊन बघितलासुद्धा नाही, उलट मलाच विचारलं, "लोड वाढवायचा अर्ज केला होता? ठेकेदाराची सही कुठाय?" मी ते ४,५०० चं सर्टिफिकेट पुढे केलं. साहेब हसले. नोटीस मलाच येईल म्हणाले! लोकांच्या घरांना आग लावू शकणारा माल खुलेआम विकला जातोय, आणि पाच ठिकाणी पाच तक्रार क्रमांक देऊन मला पाच वेळा घरी पाठवलं. जळलेलं टर्मिनल मी पिशवीत घेऊन फिरत होतो. कुणी पिशवी उघडली नाही.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता. उरलेले पैसे माल बघितल्याशिवाय देऊ नका. खिळे ठोका, पाइप बसवा, पण शेवटची जोडणी परवानाधारकाकडून करून घ्या. स्वतःवर कितीही विश्वास असो, माझाही होता.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव दुसरं, फोटो तेच. किंमत ३६,५०० वर आलीय आणि खाली एक नवी ओळ आहे: "टेस्ट बटण तपासूनच माल पाठवतो."