दोन बदाम पडले, हातात वीसच: जत्रेतल्या पटापासून सावध

दिवाळी सरली की आमच्या वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात जत्रा सुरू होतात. खाज्यांच्या दुकानांमागे, जरा काळोखात, फाशांचा पट मांडलेला असतो. यंदा तिथे माझ्या भाच्याला कसं गंडवलं ते लिहितोय. हीच माणसं उद्या तुमच्या गावच्या जत्रेतही बसतील.

पटावर सहा चित्रं, तीन फासे. चित्रावर दहा लावायचे; एका फाशावर आलं तर तुमचे दहा आणि वर दहा. "दोन इले तर दुप्पट, तीन इले तर तिप्पट!" असा पुकारा. बाजूला उभा एकजण (त्यांचाच माणूस) पटवत होता, "तीन फासे, सहा चित्रां, म्हणजे अर्धो चान्स तुझोच." साफ खोटं. फासे २१६ प्रकारे पडतात. त्यातल्या १२५ वेळा तुमचं चित्र येतच नाही. ७५ वेळा एकदा, १५ वेळा दोनदा आणि एकदाच तिन्हींवर. सगळी मिळकत जोडून २१६ ने भागली की दहाच्या डावाची रास्त किंमत निघते ९ रुपये २१ पैसे. हायगेन्स या डच गणितज्ञाने १६५७ सालीच ही रीत छापून ठेवलीय. उरलेले ७९ पैसे पटवाल्याचे. जत्रेची मजा म्हणून तेवढे मी सोडलेही असते.

पण भाच्याने बदामावर दहा लावले आणि दोन बदाम पडले. त्याचे दहा, वर वीस, असे तीस यायला हवेत. दिले वीस. विचारलं तर, "धाचे वीस झाले मा? दुप्पट झाले. आणि काय व्हया?" अरे, मग एक बदाम पडला तरी वीसच की! तोवर फासे पुन्हा खुळखुळले, मागून रेटारेटी. तिन्ही आले तरी हीच हातचलाखी, चाळीसऐवजी तीस. या हिशेबाने डावाची किंमत ८ रुपये ४७ पैशांवर येते. पटवाल्याचा वाटा ७९ पैशांवरून दीड रुपयावर, तोही फाशांना हात न लावता.

तक्रार कुठे करणार? जुगाराच्या कायद्यात खेळणाराही अडकतो, हे त्याला पक्कं ठाऊक.

लावायचेच असतील तर आधी विचारा, "दोन इले तर हातात किती?" दुप्पट-बिप्पट नको, आकडा सांगायला लावा. भाच्याने पुढच्या डावाला असं मोठ्याने विचारलं, तर पटवाल्याने त्याचे पैसे घेणंच बंद केलं.