रोटरी गाडीच्या कूलिंग-इनटेकचं काम कुणाला देताय? ६,८५० डॉलर कसे बुडाले ते आधी वाचा

एका वर्कशॉपने लावलेलं बिल एकूण ६,८५० न्यूझीलंड डॉलर. रेडिएटर १,४५०, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा) आणि त्याचं पाइपिंग १,९००, इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा वाटून नेणारा नळ्यांचा जोड) २,६००, ऑइल कूलरचे ब्रॅकेट आणि होज ९००. सुरुवातीला निम्मे म्हणून ३,४२५ घेतले. मग ‘कोअर (रेडिएटरचा जाळीदार गाभा) बंदरात अडकलाय, ड्यूटी भरायची आहे’ म्हणून १,२००. माल हातात द्यायच्या आधी उरलेले २,२२५. तिन्ही वेळा बँक ट्रान्सफर. बदल्यात मिळाला इंजिनावर सपाट न बसणारा मॅनिफोल्ड, हवा काढायला जागाच नसलेला रेडिएटर आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फुटलेल्या इंजिनावरून उतरवलेला ऑइल कूलर.

ऑकलंडमध्ये रोटरीवाले, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी रोटर असलेल्या इंजिनांचे शौकीन, भरपूर आहेत. जपानमधून आलेल्या जुन्या माझदा आरएक्स-७ अजूनही हातोहात जातात, आणि आपली मराठी मुलंही आता या नादाला लागली आहेत. त्यांच्यासाठीच हे लिहितोय. आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे सगळ्यांना माहीत असतात. हा प्रकार त्याहून वाईट आहे. इथे वर्कशॉप असतं, पाटी असते, माणूस फोन उचलतो आणि शेवटी वस्तूही देतो. म्हणूनच पोलीस हात वर करतात.

गाडी आरएक्स-७ची तिसरी पिढी, एफडी. इंजिन १३बी-आरईडब्ल्यू, दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, टर्बो. या इंजिनात ज्वलन कायम हाउसिंगच्या (रोटरभोवतीच्या कवचाच्या) एकाच बाजूला होतं. ती बाजू तापलेली राहते, इनटेकची बाजू त्या मानाने गार. मधली हाउसिंग अॅल्युमिनियमची, आजूबाजूच्या प्लेटा बिडाच्या. दोन्ही धातू वेगवेगळे प्रसरण पावतात आणि त्यांच्यामध्ये कूलंट अडवणाऱ्या रबरी रिंगा असतात. एकदा इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की त्या रिंगा गेल्या, आणि रिंगा गेल्या की सगळं इंजिन उघडावं लागतं. त्यामुळे रोटरीत रेडिएटर, ऑइल कूलर आणि इनटेक यांना शोभेच्या वस्तू समजू नका. इंजिन किती जगणार हे त्यांच्यावरच ठरतं. काम घेणाऱ्याला हे सगळं तोंडपाठ होतं, म्हणून तर विश्वास बसला. बोलणं ऐकून कुणीही त्याला जाणकारच म्हटलं असतं.

आता तो क्षण, ज्याची आठवण झाली की अजून संताप येतो. काम चालू असल्याचा पुरावा म्हणून मॅनिफोल्डचा फोटो आला. टिग वेल्डिंगचे टाके सुरेख, एकसारखे. पण इंजिनाला चिकटणाऱ्या फ्लँजला (जोडाच्या सपाट पट्टीला) सहा भोकं होती. टर्बो १३बीला चार इनटेक पोर्ट (हवा आत शिरायची तोंडं) असतात: मधल्या प्लेटमध्ये दोन प्रायमरी आणि दोन्ही टोकांच्या प्लेटांत एकेक सेकंडरी. सहा पोर्टचं इंजिन म्हणजे टर्बो नसलेली १३बी, टोकाच्या प्लेटांत जादा पोर्ट असलेली. फोटोतला मॅनिफोल्ड या गाडीचा असणं शक्यच नव्हतं. विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं: ‘फ्लँज दोन्ही इंजिनांना चालेल असा कापतो, जादा भोकं वेल्डने बुजवतो.’ ऐकायला पटतं. असे दुहेरी फ्लँज कापणारे लोक खरोखर आहेत. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो, त्यात बोल्टची भोकं आणि पोर्ट यांचा घोळ होऊ शकतो, आणि पैसे आधीच अडकलेले असताना माणूस समोरच्याला खोटारडा म्हणायला कचरतो. फोटो दुसऱ्याच कुणाच्या कामाचा होता. हे त्या सहा भोकांवरूनच स्पष्ट होतं आणि त्यानंतरही २,२२५ डॉलर गेले.

म्हणून फोटो मागताना कागदावर आपलं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहून तो कागद वस्तूवर ठेवायला सांगा. नुसता फोटो म्हणजे काहीच नाही.

मॅनिफोल्ड प्रत्यक्ष आला तो चार भोकांचाच, पण फ्लँज ८ मिलिमीटरचा. ठरला होता १२चा. स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज सरकवलं तर मध्यभागी ०.४० मिलिमीटरची पाती आरामात गेली. हा फ्लँज पुढची, मधली आणि मागची अशा तीन प्लेटांना एकाच वेळी टेकतो. तिथे ०.०५ पर्यंत ठीक, ०.१० म्हणजे गॅस्केटच्या भरवशावर, त्यापुढे तो पुन्हा मशीनवर गेलाच पाहिजे. अॅल्युमिनियम वेल्ड करताना वाकणारच. त्यावर उपाय साधा आहे: फ्लँज जाड प्लेटला बोल्टने आवळायचा, टाके आलटून पालटून घालायचे, थंड होईपर्यंत सोडायचा नाही आणि शेवटी मिलिंगवर हलका कट मारून तोंड सपाट करायचं. हा शेवटचा कट मारलेलाच नव्हता. फ्लँजवर कटरच्या खुणा नसतील तर समजा, वेल्ड करून तसाच दिलाय.

रनरमध्ये (मॅनिफोल्डच्या एकेका नळीत) बोट घातलं तर वेल्डचे थेंब आणि ग्राइंडिंगचा चुरा हाताला लागला. पिस्टन इंजिनात वाटेत व्हॉल्व्ह तरी असतो. रोटरीत व्हॉल्व्ह नाही, चुरा थेट हाउसिंगच्या क्रोमवर जातो आणि रोटरच्या टोकावरची २ मिलिमीटर जाडीची एपेक्स सील तो फिरवत राहते. प्लेनममध्ये (रनरना हवा पुरवणाऱ्या डब्यात) रनरची तोंडं नुसती कापून चिकटवलेली, कडा गोल केलेल्या नाहीत, आणि थ्रॉटलच्या समोरचा रनर उघड्यावर, लांबचा कोपऱ्यात. हवेची वाटणी असमान झाली की ज्या रोटरला जास्त हवा जाते त्याचं मिश्रण बूस्टमध्ये (टर्बोच्या दाबाखाली) पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. एक्झॉस्टच्या पुढच्या पाइपमधला एकुलता ऑक्सिजन सेन्सर दोन्ही रोटरची सरासरी दाखवतो, तेव्हा कॉम्प्युटरवर सगळं छान दिसतं आणि एका रोटरमध्ये नॉक होत असतं, म्हणजे मिश्रण आपोआप भडकत असतं. नॉक होत असताना रोटरी फार वेळ टिकत नाही.

रेडिएटरचं नाटक वेगळंच. ठरला होता ५० मिलिमीटर जाडीचा कोअर, बाजूच्या टाक्या हाताने बनवलेल्या, व्ही-माउंटसाठी. म्हणजे वर इंटरकूलर आडवा, खाली रेडिएटर आडवा, मधून हवा शिरून दोघांत वाटली जाते. व्हर्नियरवर कोअर भरला ३६. टाकीवर एका नावाजलेल्या कंपनीचा स्टिकर, आणि त्याच्या खाली नखाने खरवडल्यावर घासलेल्या जुन्या शिक्क्याच्या खुणा. बाजारातला तयार स्वस्त रेडिएटर आणून त्याला नवे कान वेल्ड केले होते. कोअरची जाडी टाकीवरून मोजू नका, फिनच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा. टाकी रुंद दाखवून कोअर पातळ देणं ही या धंद्यातली जुनी लबाडी आहे.

त्याहून मोठं पाप म्हणजे हवा काढायचा बंग (वेल्ड केलेलं आट्यांचं तोंड) नाहीच. रेडिएटर आडवा टाकला की वरच्या कोपऱ्यात हवा साठते, आणि फिलर नेक त्या कोपऱ्यापेक्षा खाली असेल तर ती कधीच निघत नाही. सर्वात उंच बिंदूला छोटा बंग आणि तिथून हेडर टाकीपर्यंत बारीक होज, एवढंच लागतं. हे नसेल तर पंप हवा ओढतो, मीटर अचानक चढतो, आणि तोवर रिंगा गेलेल्या असतात. व्ही-माउंट बनवणारा माणूस हे विसरूच शकत नाही. ज्याने कधी बनवलाच नाही, तो विसरतो.

फिलर रॉडबद्दल (वेल्डमध्ये वितळवून भरायच्या सळईबद्दल) मुद्दाम विचारा. गरम कूलंटच्या टाकीला ४०४३ वापरायचा. ५३५६ ताकदीला चांगला, वेल्ड दिसतोही उजळ, पण त्यात मॅग्नेशियम ३ टक्क्यांच्या वर असतं आणि ६५ अंश सेल्सिअसच्या वर सतत राहिलं की कालांतराने ताणाखाली तडे जातात. कूलंट तर ८० च्या वरच चालतं. कोटेशनवर रॉडचा नंबर लिहून घ्या. जो कुरकुरतो त्याला काम देऊ नका.

प्रेशर टेस्ट झाल्याचं बिलावर लिहिलं होतं. पाण्याच्या टबात बुडवून १.४ बार हवा दिली तर खालच्या नळीच्या मुळाशी बुडबुड्यांची माळ. एफडीची मूळ कॅप ०.९ बारची, तेव्हा ही गळती घरापासून पहिल्याच चढावर दिसली असती. इंटरकूलर बार-अँड-प्लेट (भक्कम बांधणीचा) ठरला होता, आला ट्यूब-अँड-फिन (हलक्या बांधणीचा). पाइपांच्या टोकांना बीड (होज अडवणारी उंच कड) नाही, सपाट. १ बार बूस्टला सिलिकॉन होज सपाट पाइपवरून सुटून येतो, टी-बोल्ट क्लॅम्प कितीही आवळा.

ऑइल कूलरने मात्र हद्द केली. रोटर तेलानेच थंड होतात, म्हणजे या इंजिनात ऑइल कूलर हा अर्धा रेडिएटरच आहे. ‘नवा’ म्हणून दिलेला कूलर पेट्रोलने धुऊन पांढऱ्या कापडावर ओतला तर बेअरिंगचा चमकणारा चुरा निघाला. फुटलेल्या इंजिनाचा कूलर कितीही धुतला तरी आतल्या पात्यांत अडकलेला धातू सगळा निघत नाही. फिल्टर तुंबला की बायपास (फिल्टर टाळणारी वाट) उघडतो आणि तो माल थेट बेअरिंगवर जातो. होजचे दहा नंबरचे एएन (एक प्रमाणित माप) फिटिंग होते, पण दोन अडॅप्टरच्या जोडाच्या तोंडाचा कोन ४५ अंशाचा. एएनचा कोन ३७ अंश असतो. आवळल्यावर बसल्यासारखं वाटतं, तेल गरम झालं की गळतं, आणि ते गळतं एक्झॉस्टजवळ.

पुण्यात भोसरीला किंवा कोल्हापुरात शिरोलीला काम दिलं तर वेल्डरशेजारी उभं राहता येतं. इथे सुरक्षेचा कायदा पुढे करून गेटच्या आत घेत नाहीत. नियम खरा आहे, पण ठरलेल्या वेळी, जॅकेट-चष्मा घालून, काम दाखवायला तो आड येत नाही. जो एकदाही आत घेत नाही, त्याच्याकडे आत दाखवण्यासारखं काही नसतं.

आता अधिकाऱ्यांबद्दल. पोलिसांनी ऑनलाइन तक्रार घेतली, नंबर दिला आणि कळवलं की वस्तू मिळाली आहे, म्हणजे ही दिवाणी बाब. घासलेला शिक्का, दुसऱ्याचा फोटो, खोटी टेस्ट, यातलं काहीच त्यांना फसवणूक वाटलं नाही. बँकेने सांगितलं की ट्रान्सफर तुम्ही स्वतः मंजूर केलीत. ग्राहक सल्ल्याच्या फोनवरच्या बाईंनी कायद्याचं पान वाचून दाखवलं, जे कुणालाही वाचता येतं. बिलात ८९३ डॉलर ४८ सेंट जीएसटी म्हणून लावलेले आणि जीएसटी नंबरच्या जागी काही नाही. ते करवाल्यांना कळवलं, पोच आली, आणि पुढचं गोपनीय आहे म्हणे. प्रत्येक खिडकीवर बसलेला माणूस सभ्य, प्रत्येकाचं उत्तर ‘हे आमच्याकडे येत नाही’. लबाड लोकांना हे पुरतं ठाऊक असतं. सगळं काही बिघडलेलं, पण काहीतरी दिलेलं, एवढ्यावरच त्यांचा धंदा चालतो. स्वतंत्र इंजिनिअरचा तपासणी अहवाल करून घ्यायला वर ३२० डॉलर गेले, कारण त्याशिवाय कुणी फाइल उघडून बघायलाही तयार नव्हतं.

छोट्या दाव्यांच्या न्यायाधिकरणात वकील लागत नाही, चालतही नाही. निकाल बाजूने लागला तरी पैसे वसूल करायचे तुम्हीच, त्यासाठी पुन्हा कोर्टात वेगळा अर्ज. आणि समोरची लिमिटेड कंपनी बंद पडली असेल तर ज्यांचं तिच्याकडून येणं आहे त्या घेणेकऱ्यांच्या रांगेत तुम्ही सर्वात शेवटी. कंपन्यांचं रजिस्टर ऑनलाइन फुकट बघता येतं. नुसतं कंपनीचं नाव बघू नका, डायरेक्टरच्या नावावर शोधा. एकाच माणसाच्या मागे बंद झालेल्या कंपन्या दिसल्या की तिथेच थांबा.

पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने द्या, निदान पहिला हप्ता तरी. वस्तू ठरल्याप्रमाणे नसेल तर बँकेमार्फत रक्कम परत मागायची सोय कार्डात असते, ट्रान्सफरमध्ये नसते. ५० टक्के आगाऊ देऊ नका. आधी फक्त कोअर आणि धातूचे पैसे, तेही पुरवठादाराचं बिल बघून. वेल्डिंगचे पैसे फ्लँज सपाट भरल्यावर, आणि शेवटचा हप्ता तुमच्यासमोर टबात प्रेशर टेस्ट झाल्यावर. बंदरात माल अडकला म्हणाला तर कस्टमचा कागद मागा.

आणि ज्यांच्याकडे असा माल आधीच येऊन पडलाय त्यांनी तो गाडीला लावू नका. एकदा लावलात की ‘तुम्हीच बसवताना वाकवला’ म्हणतील. मोजमापांचे फोटो पट्टी आणि गेजसकट काढा. १९९३च्या कन्झ्युमर गॅरंटीज अॅक्टचा उल्लेख करून, काय ठरलं होतं आणि काय आलं ते मिलिमीटरमध्ये लिहून, माल नाकारत असल्याचं ईमेलने कळवा. तो ‘दुरुस्त करून देतो’ म्हणून वस्तू परत मागेल, तेव्हा सही केलेली पावती घेतल्याशिवाय एक नटही हातचा सोडू नका. वस्तू त्याच्या ताब्यात गेली की तुमचा पुरावाही गेला.