रानातला गार्टर की रानातला वॉटर स्नेक?

गार्टर आणि वॉटर स्नेक हे उत्तर अमेरिकेतले साप. रानातून धरून पाळायचा तर यातला कुठला, हा प्रश्न. दोघंही आपल्या दिवडाच्या उपकुळातले, दोघंही मासे-बेडकांवर जगणारे, आणि हातात धरले की दोघंही शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून उग्र वासाचा स्राव सोडून मोकळे होतात. तरी या दोघांची निगा सारखी नाही.

आधी कायदा. कॅलिफोर्नियात नेरोडिया वंशातला कुठलाही वॉटर स्नेक परवान्याशिवाय बाळगता येत नाही. गार्टरमध्येही सॅन फ्रान्सिस्को गार्टर आणि जायंट गार्टर यांना केंद्रीय संरक्षण आहे, त्यांना हातच लावायचा नाही. बाकी जातींचे नियम राज्यागणिक बदलतात. अमेरिकेच्या आग्नेय भागात आणखी एक धोका असतो. डिवचलेला वॉटर स्नेक डोकं चपटं करतो आणि ते थेट विषारी कॉटनमाउथसारखं त्रिकोणी दिसतं. ओळख शंभर टक्के पटली नसेल तर साप आहे तिथेच राहू द्यावा.

हाताळणीत गार्टर सरळच उजवा. घाबरला की तो आधी पळ काढतो, हातातून सुळकन पुढे सरकत राहतो. त्याची मान आवळायची नाही. दोन्ही तळवे आळीपाळीने पुढे धरत त्याला चालू द्यावं, तो हळूहळू निवतो. वॉटर स्नेक अंगाने जाड, मादी तर सव्वा मीटरपर्यंत जाते, आणि कोपऱ्यात सापडला की वळून पुन्हापुन्हा चावतो. जखम उथळ असते, पण रक्त बराच वेळ वाहतं. दात मागे वळलेले असल्याने हात हिसकला तर कातडी फाटते. सापाचं डोकं किंचित पुढे ढकललं की दात सुटतात. पुढचा भाग हुकवर (साप उचलायच्या आकडीवर) आणि मागचा हातात, असं उचललेलं बरं. खाल्ल्यावर दोन दिवस कुणालाच उचलू नये, नाहीतर गिळलेलं बाहेर येतं. साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. साल्मोनेला या जंतूचा संसर्ग दोघांकडूनही होऊ शकतो.

खाण्याच्या बाबतीत दोघांनाही एकच मोठी खोट लागते. गोल्डफिश, फॅटहेड मिनो, स्मेल्ट या माशांत थायामिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते ब-1 जीवनसत्त्व मोडतं. असे मासे महिनोन्‌महिने खाऊ घातले की साप पिळवटतो, उलटा पडला तर सुलटा होऊ शकत नाही. मग घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्याकडे ब-1 चं इंजेक्शन घ्यावं. मासे गोठवल्याने थायामिनेज जात नाही. गोठवण्याचा उपयोग परजीवी कमी करण्यापुरता. त्यापेक्षा ट्राउट, सामन, तिलापिया किंवा गप्पी द्यावेत, आणि सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून मोठा तुकडा देऊ नये.

गार्टरची सोय अशी की तो गांडुळंही खातो. नाइटक्रॉलर ही मोठी गांडुळं चालतात. खताच्या डब्यातली लाल गांडुळं मात्र देऊ नयेत, त्यांच्या अंगातला द्रव सापाला घातक ठरतो. गांडुळावर लागलेल्या गार्टरला उंदरावर आणणं अवघड नसतं. गोठवलेली पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, पूर्ण वितळू द्यायची, तिच्यावर गांडूळ चोळायचं, लांब चिमट्याने नाकासमोर हलवायचं. गार्टर वासावर झेपावतो. दर खेपेला वास थोडा कमी केला की काही आठवड्यांत तो नुसती पिंकी घेतो. दोन गार्टर एकत्र असतील तर खाताना वेगळे टब हवेत. एकाच घासाची दोन टोकं दोघांनी धरली तर एक दुसऱ्याला गिळू लागतो.

हाच प्रयोग रानात वाढलेल्या प्रौढ वॉटर स्नेकवर बहुधा फसतो. माशाचा वास चोळलेली पिंकी तो एखाद्या वेळी घेतो, पण वास कमी केला की तोंड फिरवतो. म्हणजे तो माशांवरच राहतो, आणि मला नको झालेली गोष्ट इथे सुरू होते. माशांवरच्या सापाची विष्ठा पातळ, भरपूर, विलक्षण दुर्गंधी, आणि वॉटर स्नेक ती नेमकी पाण्यात करतो. त्याला अख्खं अंग बुडेल एवढं भांडं लागतं. ते सकाळी भरावं तर संध्याकाळी गढूळ. तसंच राहू दिलं तर पिंजऱ्यात अंथरलेला कागद ओला, पोट ओलं, आणि पोटाखालच्या खवल्यांवर फोड. पिंजरा कोरडा आणि भांडं स्वच्छ ठेवायचं तर रोज हात आत घालावा लागतो. रोजची ती ढवळाढवळ चावणाऱ्या सापाला शांत होऊच देत नाही. गार्टर पिंकीवर आला की विष्ठा घट्ट होते, वास बराच उतरतो, आणि आठवड्याला एक जेवण पुरतं.

वॉटर स्नेक वाईट पाळीव आहे असं नाही. बंदिवासात जन्मलेलं पिल्लू पहिल्यापासून पिंकीवर वाढवलं तर तो दणकट, बिनधास्त खाणारा साप होतो. पण प्रश्न रानातल्या प्रौढ सापाचा असेल तर माझा कल गार्टरकडे, तोही शक्यतो लहान वयाचा.

कुठलाही घेतलात तरी विष्ठेची तपासणी करून घ्या, मासे-बेडूक खाणाऱ्या रानसापांत कृमी असतातच. आणि इतर सापांसोबत ठेवलेला साप पुन्हा ओढ्याकाठी सोडू नका. सापांचा बुरशीजन्य आजार त्याच वाटेने रानात पोहोचू शकतो.