स्पोकन ट्युटोरियल मराठीतून : दोन वर्षं लॅबमध्ये वापरल्यानंतर

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिकवते. आमची मुलं आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीने येतात, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मोबाईल सगळ्यांच्या हातात पण कीबोर्डला हात लावायला बिचकतात. अशा मुलांना स्प्रेडशीट किंवा प्रोग्रॅमिंगची सुरुवात शिकवायची तर ऑनलाइन काय वापरावं म्हणून मी बरंच काय काय करून बघितलं आणि शेवटी जे टिकलं ते आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल. फुकट आहे, मराठीत आहे आणि तरी कितीतरी शिक्षकांना माहीतच नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी हे आहे काय ते सांगते. पवईच्या आयआयटीतले केमिकल इंजिनिअरिंगचे प्रोफेसर कन्नन मौदगल्य यांनी सुरू केलेला हा प्रकल्प, त्यासाठी पैसा दिला केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने. लिनक्स, लिब्रेऑफिस, सी, जावा, पायथन, सायलॅब, गिम्प अशी सगळी मुक्त सॉफ्टवेअर आणि प्रत्येकाचे साधारण १० मिनिटांचे छोटे छोटे व्हिडिओ. समोर कोणी माणूस उभा राहून बोलत नाही, फक्त कॉम्प्युटरचा स्क्रीन दिसतो आणि त्यावर काय चाललंय ते सांगणारा आवाज. आवाज मराठी, स्क्रीन मात्र इंग्रजीच. मला आधी हे विचित्र वाटलं होतं, मग कळलं की हे ठरवून केलंय, कारण पोरगं उद्या कुठे कामाला लागलं की समोर मेनू इंग्रजीच येणार, तेव्हा ते शब्द डोळ्यांना ओळखीचे पाहिजेत आणि समजून घ्यायचं काम मात्र घरच्या भाषेत झालं पाहिजे.

वापरायची पद्धत पण त्यांनीच घालून दिलीय. स्क्रीनच्या अर्ध्या भागात व्हिडिओ, अर्ध्या भागात ते सॉफ्टवेअर. थोडं ऐकायचं, थांबवायचं, स्वतः करायचं, जमलं की पुढे.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. कोपऱ्यातल्या मशीनवर एक मुलगी कॅल्क, म्हणजे लिब्रेऑफिसमधलं स्प्रेडशीट, शिकत होती, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तिने बेरजेचा फॉर्म्युला टाइप केला पण सुरुवातीचं बरोबरचं (=) चिन्हच राहिलं, त्यामुळे सेलमध्ये उत्तर येण्याऐवजी नुसती अक्षरंच दिसायला लागली. मी उठणारच होते पण म्हटलं थांबू या जरा. तिने व्हिडिओ मागे घेतला, ऐकला, परत मागे घेतला, मग डाव्या हाताचं बोट व्हिडिओतल्या त्या फॉर्म्युल्याखाली ठेवून एकेक अक्षर स्वतःच्या फॉर्म्युल्याशी ताडून बघायला लागली. तिसऱ्या वेळी सापडलं. उत्तर आलं तशी एका कानावरचा हेडफोन सरकवून शेजारणीला म्हणते, "अगं आधी बरोबर टाकायचं, तेव्हा त्याला कळतं हिशोब करायचाय." मी हेच वाक्य फळ्यावर लिहून दहा वेळा सांगितलं असतं तरी तिचं झालं नसतं.

हे असं का होतं ते समजून घ्यायचं म्हणून मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्या विषयावरचं संशोधन बसून वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलं की माणसाच्या डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं, आणि शिकवण्याची पद्धतच किचकट असली तर ती जागा त्यातच संपते, मूळ विषयाला उरतच नाही. पुढे कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड मेयर यांनी हेच धरून चित्र आणि आवाज एकत्र कसे वापरावेत ह्यावर ढीगभर प्रयोग केले. त्यातला एक माझ्या डोक्यातून जात नाही. आकाशात वीज कशी तयार होते ह्याचा एक छोटा ॲनिमेशनचा धडा होता, काही विद्यार्थ्यांना तो साधा दाखवला आणि काहींना मागे संगीत लावून. संगीतवाल्यांना कमी समजलं.

हे वाचलं आणि मला माझ्या ताईचं घर आठवलं. भाच्यासाठी तिने एका कंपनीचं ॲप हप्त्यावर घेतलं होतं. सतत म्युझिक, उड्या मारणारे प्राणी, प्रत्येक उत्तराला फटाके आणि नाणी. पोरगा तासतास बसायचा, ताई खूश, पण अपूर्णांकांची बेरीज विचारली की गप्प, आणि नाणी किती जमली ते मात्र तोंडपाठ! नववीतला मुलगा, बिचाऱ्याचा काय दोष, त्याचं लक्ष जिकडे खेचलं तिकडे गेलं. ताई अजून हप्ते भरतेय ह्याचा मला मनापासून राग येतो.

स्पोकन ट्युटोरियलमध्ये असलं काहीच नाही, आणि म्हणूनच ते लक्ष विषयावर ठेवतं. आज काय शिकणार ते सुरुवातीला सांगतात, कुठलं व्हर्जन वापरलंय ते सांगतात, आधी काय येत असायला पाहिजे ते सांगतात, मग प्रत्यक्ष करून दाखवतात, शेवटी उजळणी आणि स्वतः करायला एक काम. ह्यामागची मेहनत बाहेरून दिसत नाही. आधी पूर्ण स्क्रिप्ट लिहितात, मग ते सॉफ्टवेअर अजिबात न येणाऱ्या नवशिक्याकडून तपासून घेतात, त्याला जमलं तरच रेकॉर्डिंग. मराठी करताना वाक्य स्क्रीनवरच्या हालचालीशी सेकंदाला जुळवावं लागतं. मी स्वतः लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ बनवलेत, पाऊण पाऊण तासाचे, त्यामुळे ही नवशिक्याची पायरी वाचून मी थबकलेच. आपण शिक्षक लोक व्हिडिओ थेट वर्गाला दाखवतो, आधी एका मुलाला दाखवून बघावं असं सुचतसुद्धा नाही.

लांबीबद्दल एक प्रश्न मला पडला होता. २०१४ मध्ये एडएक्सच्या ऑनलाइन कोर्सेसवर एक अभ्यास झाला, ६९ लाख वेळा व्हिडिओ बघितल्याची माहिती तपासली, त्यात निघालं की ६ मिनिटांच्या पुढे बघणाऱ्यांचं लक्ष टिकत नाही. मग इथे १० मिनिटं कशी चालतात? माझं निरीक्षण असं की इथे सलग बघणंच होत नाही, आमच्या लॅबमध्ये एका ट्युटोरियलला ३०-४० मिनिटं सहज जातात, मधे वीस वेळा थांबवणं होतं. म्हणजे व्हिडिओच्या दर अर्ध्या मिनिटाला मूल काहीतरी हाताने करतंय. जी मुलं व्हिडिओ पूर्ण स्क्रीन करून सिनेमासारखा बघतात त्यांना काहीही येत नाही, हे मी दोन्ही वर्षं बघितलंय, तेव्हा पहिल्याच दिवशी स्क्रीन अर्धा करायला लावा.

आता जे खटकतं तेही सांगते. पहिली गोष्ट व्हर्जन. कॅल्कची जुनी मालिका लिब्रेऑफिस ३.३.४ वर आहे, आजचं लिब्रेऑफिस टाकलं तर काही बटणं वेगळीकडे दिसतात आणि नवखं मूल तिथेच अडतं. नवीन व्हर्जनवरच्या मालिका येतायत, पण तुम्हाला हव्या त्या विषयाची मराठीत आहे का ते आधी बघून घ्या. दुसरी गोष्ट मराठी. काही ठिकाणी भाषा फारच पुस्तकी होते, सरकारी पत्र वाचल्यासारखी. मेयर यांच्याच प्रयोगांत आहे की समोरच्याशी गप्पा मारल्यासारखं बोललं तर जास्त समजतं, मग आपल्या मराठीत तर हे किती सोपं आहे! आवाज खऱ्या माणसांचे आहेत हे मात्र फार छान, शेवटी ते आपला निरोप घेतात तेव्हा आमची पोरं पण मोठ्याने बाय म्हणतात.

नेटचा प्रॉब्लेम असेल तर विषय आणि भाषा निवडून सगळे व्हिडिओ एकत्र झिप करून उतरवता येतात, आम्ही पेनड्राइव्हवरून चाळीसही मशीनवर टाकले. लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं आहे, बिनधास्त वाटा. अडलं तर प्रश्न विचारायची सोय आहे, त्यात व्हिडिओचं मिनिट आणि सेकंद निवडून विचारता येतं, त्यामुळे "मॅडम ते मधे काहीतरी होतं ना" असं होत नाही. हेडफोन मात्र प्रत्येकाला पाहिजेच, आम्ही पहिल्या महिन्यात स्पीकरवर चालवायला गेलो आणि दहा मशीन एकदम बोलायला लागल्यावर कोणालाच काही ऐकू येईना.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा मार्क त्या जुन्या व्हर्जनसाठी कापलाय. जूनमध्ये नवीन बॅच येतेय, ह्या वेळी पायथन घ्यायचा विचार आहे, कोणी ती मालिका मराठीतून पूर्ण वर्गासोबत केली असेल तर किती आठवडे लागले ते प्लीज सांगा.